लाल गिटार, वापर नाही

रविवारची दुपार आहे. शेवग्याची आमटी आणि भाकरी जरा जास्तच झाली आहे, आणि मी पंख्याखाली आडवा पडलो आहे. झोप अजून आत आलेली नाही. दारात चप्पल काढणाऱ्या पाहुण्यासारखी ती रेंगाळते आहे.

पलीकडच्या खोलीत माझी मुलगी निधी गिटार सुरात लावते आहे. अकरावीतली पोरगी, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गाणार आहे. आज थोड्या वेळानं तिची मैत्रीण माइक आणि स्पीकर घेऊन येणार आहे, म्हणजे गाणं आणि गिटार आज पहिल्यांदाच एकत्र. कुणी मध्येमध्ये डोकवायचं नाही, असं तिनं सकाळीच आम्हाला बजावून ठेवलं आहे.

गिटार लाल आहे. इचलकरंजीच्या एका पोरानं हौसेनं घेतली, कंटाळला आणि मोबाइलवर जाहिरात टाकली. मी आणि शमू जाऊन ती घेऊन आलो होतो. तिचा आवाज मोठा करणारा अॅम्प मात्र शमूचा आहे.

शमू म्हणजे शमुवेल हिवाळे, शाळेत पीटीचा सर. मी पतसंस्थेत कारकून. सतारींच्या मिरजेत राहून आम्हा दोघांना वेड कसलं, तर इलेक्ट्रिक गिटारचं, आणि तेही स्वस्तातल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला होतं, आणि घासाघीस करून ते आणखी खाली आणण्यातच आमची अर्धी हौस फिटायची. वाजवायला दोघांनाही बेताचंच यायचं.

गेल्या पावसाळ्यात शमू गेला. वरच्या खोलीत एकटाच वाजवत होता. गळ्यात गिटार, शेजारी आडवा झालेला माइक, असा जमिनीवर सापडला. डॉक्टर म्हणाले, हार्ट. आम्हीही म्हणालो, हार्ट. पुढं रूथवहिनींनी अॅम्प माझ्याकडे दिला. "घरात बघवत नाही, भावजी," एवढंच म्हणाल्या. निधी मात्र हरखून गेली.

पंखा फिरतो आहे. तार पिळल्याचा आवाज येतो, मग येत नाही. माझ्या पायाशी गादी खचते. कुणीतरी येऊन बसलं आहे.

"शीतल्या, ऊठ की लगा. एक गिटार आलीया विकायला."

मी शीतल मगदूम. पतसंस्थेत सगळे मगदूमसाहेब म्हणतात. शीतल्या म्हणणारा एकच होता, आणि त्याच्या दफनाला मी स्वतः माती टाकली आहे. हे सगळं मला नीट आठवतं. पण घरी आलेल्या माणसाला तू मेलास म्हणून सांगायचं कसं?

"कुठं आहे?" मी विचारतो.

"हितंच. जवळ. चप्पल नको घालू."

मी त्याच्या स्कूटरवर मागं बसलो आहे. सतारवाल्यांच्या गल्लीतून चाललो आहोत. दुकानांत भोपळे टांगलेले आहेत, कारागीर खाली मान घालून बसले आहेत. कुणी ओळख देत नाही, एरवी शमूला हाक मारल्याशिवाय गल्लीतून सोडत नाहीत. भोपळ्यांच्या आतून कुणीतरी हळूहळू टकटक करतंय. मी शमूच्या पाठीला टेकतो. शर्ट ओला आणि गार आहे.

"जाहिरातीत काय लिहिलंय?" मी विचारतो.

"लाल गिटार. वापर नाही, म्हणून देणे आहे."

वापर नाही. या दोन शब्दांचे आम्ही भुकेले. हे शब्द दिसले की समजायचं, मालक कंटाळलाय, घरचे वैतागलेत, भाव पडणार. आजही मला क्षणभर आनंदच होतो. मग वाटतं, लाल गिटार तर आपल्याच घरी आहे.

आम्ही सोफ्यावर बसलो आहोत. अनोळखी लोकांच्या सोफ्यावर बसायची आम्हाला सवय. पोराची आई पोहे आणते, बाप म्हणतो, घेऊन जा एकदाची ही ब्याद, पोरगं कोपऱ्यात तोंड पाडून उभं असतं. हा सोफा मात्र मी ओळखतो. हाताजवळ उसवलेला आहे आणि ती उसवण माझ्याच बोटांची आहे. भिंतीवरचं घड्याळ आमचं आहे. आतून एक बाई चहाचा ट्रे घेऊन येते. ती माझी बायको पद्मा आहे. केस सगळे पांढरे झालेत.

"तुम्ही गिटार बघायला आलात ना? घ्या, चहा घ्या," ती म्हणते. गिऱ्हाइकाकडे बघावं तसं माझ्याकडे बघते.

"कोण वाजवायचं?" मी विचारतो. हा प्रश्न आम्ही सगळीकडे विचारतो, तोंडात बसलेला आहे.

"मुलगी वाजवायची." पद्मा ट्रेवर सांडलेला चहा पदरानं पुसते. पुसून झाल्यावरही पुसत राहते. "आता कुणी वाजवत नाही. काय ते कमीजास्त करून घेऊन जा."

मला ओरडायचं आहे. पद्मा, अगं, मी आहे, निधी कुठं आहे, असं विचारायचं आहे. तोंडातून निघतं ते भलतंच.

"शेवटचा भाव काय?"

मला माझीच शिसारी येते. पद्मा उठून आत जाते, आणि आत कुठलाही दिवा लागत नाही.

शमूनं गिटार मांडीवर घेतली आहे. नेहमीसारखा तो एक डोळा मिटून गिटारच्या मानेच्या लांबीवरून नजर टाकतो, वाकली आहे का बघतो, आणि नापसंतीचा च्‌ करतो. मालकानं भाव उतरवावा म्हणून हा च्‌ असायचा. आता मालक कुणी समोर नाही. त्याचा डावा हात तारांवर आहे, आणि मला त्याची बोटं दिसतात.

बोटांवर आडव्या रेघा आहेत. त्या मी पाहिल्या होत्या. शवपेटीत हात छातीवर ठेवले तेव्हाच पाहिल्या होत्या, आणि रूथवहिनींना म्हणालोही होतो, वहिनी, बघा, शेवटपर्यंत वाजवत होता. गिटारवाल्यांच्या बोटांवर तारांच्या रेघा असतातच. माझ्याही असतात. त्यात बघण्यासारखं काय होतं?

"शमू, तुझ्या रेघा अजून गेल्या नाहीत?"

"कशा जातील? भाजल्याल्या हायत त्या." तो हात माझ्यापुढं धरतो. रेघा काळ्या आहेत आणि खोल आहेत. "हार्ट म्हणलात न्हवं सगळे?"

"मग काय झालं होतं?"

"माइक आन् अॅम्प एकदम लावला की गुणगुण यायची बघ. डोकं उठायचं. मग अॅम्पच्या प्लगची वरची मोठी पीन करवतीनं कापली. अर्थिंग गेलं, गुणगुण गेली. काय गोड शांतता झाली म्हणून सांगू! प्लग वायरच्या बोर्डात घातला, वरून काळी टेप गुंडाळली, म्हणजे निसटायला नको. बरेच दिवस ब्येस चाललं. मग आत कायतरी सुटलं आसंल, करंट तारांत उतरला. एक दिवस तारांवर हात हुता आन् गायला म्हणून तोंड माइकला लावलं."

"आणि?"

"आन् हितं."

हितं म्हणजे सोफा नाही. आम्ही एका लांबलचक हॉलमध्ये उभे आहोत. बाकं ओळीनं मांडली आहेत. त्यांवर माणसं बसली आहेत, प्रत्येकाच्या मांडीवर काही ना काही वाद्य आहे, आणि कुणीही वाजवत नाही. माझे अनवाणी पाय गार फरशीवर आहेत. पुढं मोकळ्या जागेत स्टँडवर एक माइक आहे. त्याची उंची कमी केलेली आहे. निधी उभी राहिली तर बरोबर तिच्या तोंडाशी येईल.

"वाजवणारी मायंदाळ जमलीत," शमू म्हणतो. "गाणारं कुणी न्हाई. तुझी पोरगी ग्वाड गाती रं."

मी त्याच्या आणि माइकच्या मध्ये जाऊन उभा राहतो.

"मला घे," मी म्हणतो. "मी येतो."

"तुझा आवाज कुणाला पायजे, लगा? कुत्री मागं लागतील."

तो हसतो. अगदी तसाच हसतो, खांदे हलवत, आणि क्षणभर तो माझा शमू असतो. याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

"तिला सोड, शमू. पाया पडतो."

"मी कुठं धरलीया? ती आपल्या पायानं येतीया. ऐक."

मी ऐकतो. हॉलच्या भिंतीपलीकडे आमच्या फाटकाची कडी वाजते. मैत्रिणीचा आवाज येतो. स्पीकर खाली ठेवल्याचा दणका ऐकू येतो. निधी म्हणते, "पप्पा झोपलेत, हळू."

"तू फकस्त एकदा हो म्हण," शमू हात पुढं करतो. "बापानं हो म्हणून दिली की पोरगी रडत न्हाई. दे."

आमची आई म्हणायची, गेलेलं माणूस स्वप्नात काही मागेल तर देऊ नये. देईल तर मुकाट्यानं घ्यावं. मागितलेलं दिलं की घरातलं जातं, दिलेलं घेतलं की घरातलं राहतं. मी दोन्ही हात पाठीमागं नेतो. पण नुसतं न देऊन भागणार नाही. निधी गाणं सुरू करायच्या बेतात आहे, आणि मला इथून बाहेर पडायची वाट दिसत नाही.

मग मला शमूची खोड आठवते. त्याच्याकडे कुणी काही मागावं आणि त्यानं नाही म्हणावं, असं कधी झालं नाही. नव्या तारा, वहिनींनी दिलेला डबा, अंगातलं स्वेटर, मागेल त्याला देऊन मोकळा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी जाते का, ते बघायचं मी ठरवतो.

"शमू, मला काहीतरी दे."

त्याचा हात हवेत थांबतो. "काय?"

"काहीही. तुझ्याजवळचं. मी मागतोय."

बाकांवरची माणसं पहिल्यांदाच माना वर करतात. शमूचा चेहरा उतरतो.

"आसं नको करू रं, शीतल्या. मी एकटा हाय हितं."

"एवढी माणसं आहेत की."

"ह्यातलं कुणी बोलत न्हाई."

मला रडू येतं. तो माझा मित्र आहे, आणि खरं सांगतोय. भिंतीपलीकडून आवाज येतो, "हॅलो, हॅलो, चेक."

"दे, शमू."

तो पँटच्या खिशात हात घालतो. खूप वेळ चाचपतो. मग माझा हात ओढून घेतो, तळव्यावर काहीतरी ठेवतो आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटतो. त्याच्या रेघा मला खरखरीत लागतात.

"जा, पळ," तो म्हणतो. "आन् ध्यानात ठिव. पुन्हा आलो तर हात हलवत जाणार न्हाई."

पंखा. घामानं भिजलेली उशी. मी उठतो, दाराला धडकतो, बोळातून धावतो. पद्मा वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन समोर येते, केस काळे, आणि मी तिला जवळजवळ पाडतोच.

"अहो! काय झालं?"

मीटरखालचा मेन स्विच मी खाली ओढतो. पंखा, फ्रिज, स्पीकर, सगळं घर एकदम गप्प होतं.

खोलीत निधी उभी आहे. पाय अनवाणी, गळ्यात लाल गिटार, बोटं तारांवर, तोंड माइकच्या अगदी जवळ. मैत्रीण भिंतीला चिकटली आहे.

"काय हो पप्पा! आत्ताच सुरू करणार होते!"

मी तिला दंडाला धरून मागं ओढतो. गिटार तिच्या गळ्यातून काढतो, खाली ठेवायचंही सुचत नाही, ती आपटते. मग कपाटामागचा एक्स्टेन्शन बोर्ड ओढून काढतो. प्लगवर काळी टेप आहे. अॅम्पबरोबर हा बोर्डही वहिनींकडून आणला तेव्हापासून आहे, शमूचा टापटीपपणा म्हणून मी तिला कधी हातही लावला नव्हता. ती दातांनी फाडतो, प्लग उपसतो. प्लगला खालच्या दोन पिना आहेत. वरच्या जागी पितळेचा बुटका खुंट आहे.

"मुठीत काय आहे तुमच्या?" पद्मा विचारते.

मूठ मला उघडता येत नाही. तीच बोटं एकेक करून सोडवते. तळव्यावर पितळेची जाड पीन आहे, एका टोकाला करवतीचे दात उमटलेली. मी ती खुंटावर धरतो. दात दातांत बसतात.

"हे कुठनं आणलंत?" पद्मा म्हणते. पीन ऊबदार आहे, खिशातून नुकतीच काढल्यासारखी.

निधीला मी घट्ट धरून ठेवलं आहे. ती आधी चिडते, मग घाबरते, मग तीही मला धरते. माझा आयुष्यातला सगळ्यात जवळचा मित्र तिथं एकटा बसला आहे, बोलायला कुणी नाही, आणि तो तसाच एकटा राहो, असं मी अगदी मनापासून म्हणतो आहे.