तिकिटावरचं मधलं नाव

आधीच सांगते, मी देवाला नमस्कार करते तोसुद्धा सवयीने. व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. 'आपोआप झालं' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं... कुणीतरी कुठेतरी काहीतरी दाबलेलं असतं. लहानपणी भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या काकूला मी इतके प्रश्न विचारायचे की ती बिचारी गोष्ट अर्धी टाकून उठायची. त्यामुळे हे सगळं लिहायला बसताना मला माझीच लाज वाटतेय. पण लिहिते.

आम्ही गेर्लिंगेनला राहतो, स्टुटगार्टला अगदी लागून. मी, नवरा अमोल आणि मुलगी इरा. इरा इथेच वाढलेली, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आमच्याकडे तिकिटांचं खातं माझ्याकडे आहे. कुठल्या वारी भाडं उतरतं, कुठल्या विमानतळावरून निघालं तर स्वस्त पडतं, हे मला विचारायला अर्ध्या मित्रमंडळाचे फोन येतात.

माझे सासरे, म्हणजे बाबा, रत्नागिरीचे. नोकरी शाळेत केली, पण जीव खाडीवर. सुट्टीचा दिवस उजाडला की मासे धरायची गरी घेऊन निघायचे. इथे पहिल्यांदा आले तेव्हा येताना गरी घेऊनच आले, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली. मग त्यांना कळलं की जर्मनीत मासे पकडायला आधी कोर्स करावा लागतो, परीक्षा द्यावी लागते, तेव्हा परवाना मिळतो.

"काय गो मुग्धा, मासे पकडायला परीक्षा?" ते म्हणाले. "आणि माशांची कोण घेतो?"

पण त्यांचा चेहरा उतरला होता. नेकार नदीच्या काठावर बसून दुसऱ्यांचे मासे बघत त्यांनी सुट्टी काढली. तेव्हा अमोल म्हणाला, "बाबा, पुढच्या वेळी तुम्हाला पार वर नेतो. स्वीडनच्या टोकाला. तिथे नुसतं कार्ड विकत घ्यायचं, परीक्षा नाही." बाबांनी गरी आमच्या तळघरातच ठेवली. म्हणाले, पुढच्या वेळी लागेलच.

पुढची वेळ आली नाही. सासूबाई, म्हणजे आई, आजारी पडल्या. फोनवर बाबा सांगत राहिले, पित्ताचा त्रास आहे, औषध चालू आहे. खरं तर तो कॅन्सर होता. आम्हाला कळलं ते आई गेल्यावरच. अमोल पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

"मला का नाही सांगितलं?" त्याने विचारलं.

"तू तिकडून येऊन काय करणार होतास?" बाबा एवढंच म्हणाले.

अमोलने ते कधीच माफ केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, पण तो गप्प झाला. सणासुदीला फोन लावायचा आणि इराच्या हातात द्यायचा. असं करता करता एक दिवस बाबाही झोपेतच गेले. अमोलने जाऊन सगळं रीतसर केलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. चुलत दीर मला नंतर सांगत होता, सगळे अमोलला म्हणत होते, अरे, काही राहिलं असेल तर कबूल कर, म्हण करतो म्हणून. तो हाताची घडी घालून उभा राहिला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

त्यानंतर आमचं जर्मन नागरिकत्व आलं. नागरिकत्व मिळालं की इथे श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात, नाव जर्मन पद्धतीचं करून घेता येतं. आपल्याकडे नावाच्या मध्ये वडिलांचं नाव असतं, ते यांना कळत नाही. अमोलने 'जनार्दन' काढून टाकायचं ठरवलं.

"बाबांचं नाव काढतोयस?" मी विचारलं.

"ऑफिसात निम्मे लोक जनार्दनच आडनाव समजतात, हेर जनार्दन म्हणून हाक मारतात. कटकट आहे नुसती."

कारण ते नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण मी बोलले नाही. तो घरात असून नसल्यासारखा झाला होता, इरा त्याच्याशी जपून बोलायला लागली होती, आणि मला भीती वाटायची की हा राग याला आतून खाऊन संपवणार. त्याने सही केली. नवीन पासपोर्टवर अमोल आणि आडनाव, बस.

आणि मग उन्हाळ्यात एकदा जेवताना म्हणाला, "वर जाऊया का? मासे पकडायला."

मी चमचा खाली ठेवला. पण कारण विचारलं नाही, लॅपटॉप उघडला. स्टुटगार्टहून स्टॉकहोम, तिथून किरुना, तिथून पुढे रस्ताच नाही — तलावावरून उडणारं छोटं विमान. ते प्रकरण फार महाग होतं. पण मी खोदत खोदत गेले तेव्हा कळलं, की आधी गेलेल्या लोकांना परत आणायला ही विमानं जाताना रिकामीच जातात. त्या रिकाम्या फेरीत बसलं तर भाडं निम्म्याहून कमी. मी इतकी खूश झाले की अमोललाही हसू आलं. फार दिवसांनी.

नावं मी नवीन पासपोर्ट समोर ठेवून टाइप केली. लॅपटॉपही नवाच होता, त्यात जुनं काही सेव्ह नव्हतं. पैसे भरायच्या आधी परत वाचलं, माझा धंदाच तो आहे. दोन मिनिटांत मेल आला. माझं नाव बरोबर. इराचं बरोबर. तिसरं — अमोल जनार्दन.

"हे तू मुद्दाम केलंस?" अमोलने विचारलं.

"वेडा आहेस का?"

फोन केला तर कळलं, सगळ्यात स्वस्त तिकीट आहे, बदल होणार नाही, पण मधल्या नावाने अडणारही नाही. किरुनाची पुढची नोंदणी मी त्याच मेलवरून पाठवलेली, त्यामुळे तिथेही तेच गेलं असणार. मी स्वतःला समजावलं, की कुठल्यातरी सर्व्हरवर जुनी माहिती पडलेली असेल. तेव्हा मला ते पटलंही. निघताना अमोल तळघरात गेला आणि बाबांची गरी घेऊन आला. मी दशम्या आणि लसणाची चटणी बांधली.

किरुनाच्या पुढे त्या तलावाशी पोचलो तेव्हा दुपार होती. आभाळ खाली आलेलं, पाणी शिशाच्या रंगाचं, माणूस म्हणून कुणी नाही. लाकडी धक्क्याला विमान बांधलेलं होतं. पायलट पन्नाशीची एक बाई, नाव आस्त्रिद. तिने धक्क्यावर चार लाइफ जॅकेट मांडून ठेवली होती.

"अमोल... आणि जनार्दन?" तिने इंग्रजीत विचारलं.

"तो मीच," अमोल म्हणाला. "ते वडिलांचं नाव आहे. ते वारले."

ती ओशाळली. सॉरी म्हणाली, चौथं जॅकेट उचलून शेडमध्ये ठेवून आली. मग तिने आम्हाला आणि सामानाला काट्यावर उभं केलं. छोट्या विमानात सगळ्याचं वजन करतात. इरा तिच्या शेजारी पुढे, मधल्या रांगेत मी आणि बांधलेल्या सॅक, मागच्या बाकावर अमोल एकटा.

आम्ही बसलो आणि आस्त्रिद खाली उतरली. विमान मागून पाण्यात दबलं होतं.

"मागे काय ठेवलंय?" तिने विचारलं.

मागे काहीच नव्हतं. तिने आम्हाला उतरवलं, सगळं पुन्हा वजन केलं, वजन तेवढंच. पुन्हा बसवलं. पुन्हा मागून दबलं. अमोलच्या बाजूने नाही, त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेच्या बाजूने. तिने माझ्या बाजूची एक सॅक पुढे घेतली, बराच वेळ पाण्याकडे पाहिलं आणि मग इंजिन सुरू केलं. पाण्यावरून धावत राहिलो, धावत राहिलो... समोरची झाडं जवळ यायला लागली तेव्हा कुठे वर उठलो. मी इराची सीट घट्ट धरून ठेवली होती.

वर गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. अमोल खिडकीला चिकटून बसला होता. अख्खं बाक मोकळं असताना अंग चोरून, मांड्या आवळून, एस.टी.त शेजारी कुणी येऊन बसलं की आपण सरकतो तसा.

"नीट बस ना," मी ओरडून म्हणाले.

त्याने शेजारी पाहिलं. मग माझ्याकडे. तो तसाच बसून राहिला.

उतरल्यावर आस्त्रिद मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला वजन हातात कळतं. काटा काहीही म्हणू दे, मी चार माणसं आणली." मग तिथे आधी आलेल्या, दाढ्या वाढलेल्या चार जणांना घेऊन ती निघून गेली, आणि त्या काठावर आम्ही तिघंच राहिलो. निदान मला तरी तिघंच दिसत होतो.

लाकडी खोली, स्टोव्ह, डास आणि पाऊस. अमोल रोज गरी घेऊन खडकावर बसायचा. एक मासा लागला नाही. इरा कंटाळली. "पापा रेडेट मिट जेमांडेम," ती एकदा खिडकीतून बघून मला म्हणाली. पापा कुणाशी तरी बोलतोय.

मी बाहेर आले. भर सकाळ होती, धुकं नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. अमोल खडकाच्या एका टोकाला बसला होता, शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. बोलत होता. थांबत होता, ऐकल्यासारखी मान खाली घालत होता, पुन्हा बोलत होता. इतकं तो माझ्याशी कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. जवळ जायचं माझं धाडस झालं नाही, ते मी कबूल करते. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

आत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"आईनेच नको म्हटलं होतं," तो म्हणाला. "तिने बाबांना शपथ घातली होती. मी तिला तशा अवस्थेत बघू नये, असं तिला वाटत होतं."

"कोणी सांगितलं तुला?"

तो स्टोव्हजवळ बसला आणि हात शेकत राहिला. "मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं होतं, मुग्धा," एवढंच म्हणाला.

न्यायला आस्त्रिदच आली. आम्ही बसलो. विमान पाण्यावर सरळ होतं. तिने खाली वाकून पाहिलं, मग अमोलकडे पाहिलं. अमोलने शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला.

"बाबा?" तो म्हणाला.

मग त्याने आस्त्रिदला थांबायला सांगितलं, उतरून खडकापर्यंत चालत गेला, तिथे उभा राहिला आणि परत आला. जाताना नेलेली बाबांची गरी आता त्याच्या हातात नव्हती. पूर्ण प्रवासात तो खिडकीकडे सरकून बसला होता. शेजारी कुणी नव्हतं. या वेळी मलाही ते कळत होतं.

घरी आल्यावर त्याने रत्नागिरीला मावशीला फोन लावला. स्पीकरवर होता, मी ऐकलं. त्याने शपथेचं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं रे?" ती म्हणाली. "ते आम्हा तिघांतच होतं. मी तर कुणापाशी बोलले नाही."

दुसऱ्या दिवशी अमोलने सुट्टी टाकली आणि 'जनार्दन' परत लावून घ्यायला श्टांडेसआम्टमध्ये गेला. मीही गेले. काउंटरवरची मुलगी फार चांगली होती, तिने दोनदा विचारून पाहिलं, आत जाऊन साहेबांना भेटून आली. पण नाव बदलायची ही घोषणा एकदाच करता येते. केली की परत फिरवता येत नाही.

"गेनाऊ," अमोल म्हणाला, म्हणजे बरोबर. "सही करताना वाचलं होतं मी."

बाहेर येऊन तो बस स्टॉपवर बसला आणि रडला. वडील गेल्यापासून माझ्यासमोर पहिल्यांदा. मी त्याचा हात धरून बसले.

आता शेवटचं. बाबांच्या श्राद्धाला जायचं म्हणून मी मुंबईची तिकिटं काढली. त्याला बरं वाटेल म्हणून या वेळी मी स्वतः, एकेक अक्षर दाबून 'अमोल जनार्दन' लिहिलं. मधल्या नावाने अडत नाही हे आता माहीत होतं. पैसे भरण्याआधी मोठ्याने वाचलं. मेल आला. अमोल. नुसतं अमोल. मी आत जाऊन बुकिंग उघडलं, तिथेही तेच. ऑफिसात जे करते ते सगळं करून पाहिलं, चूक कुठे झाली ते शोधलं. काही सापडलं नाही.

अमोलने माझ्या खांद्यावरून स्क्रीन पाहिली.

"उतरले ते तिथेच," तो म्हणाला.

सर्व्हर, वारा, पाण्याचा प्रवाह, दुःखात माणसाला होणारे भास — हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय. मावशीच्या वाक्याशी येऊन मी अडते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही.

अमोल आता बोलतो, हसतो, इराला मराठी शिकवायला बसतो. फक्त एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, चढला की खिडकीकडे सरकून बसतो, अंग चोरून. शेजारची जागा रिकामी ठेवतो. गर्दी झाली की कुणीतरी येऊन तिथे बसतं, आणि तो चटकन वळून त्याचा चेहरा बघतो.