पगाराचा कोंढा

पगार हातात पडायच्या आधीच त्यातलं सुखदुःख माणसामाणसाला वाटून मोकळा होणारा माणूस मी आजवर एकच पाहिला. ते म्हणजे चामोर्शीच्या रस्त्यावरच्या आमच्या राइस मिलमधले पगाराचे बाबू. मिलमध्ये त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे कपातभाऊ म्हणत. एकदा त्यांची बायको विसरलेला डबा घेऊन फाटकावर आली, तेव्हा तिनेसुद्धा 'कपातभाऊ कुठी बसतेत?' असंच विचारलं, हे गिरजाबाई शपथ घेऊन सांगते. गिरजाबाई म्हणजे माझ्या जोडीने मिलच्या आवारात धान पसरवणारी बाई. तिच्या तोंडाला कुलूप नाही आणि माझ्या तोंडाला किल्ली नाही, म्हणून आमची जोडी चांगली जमली होती.

भाऊ मूळचे कुरखेड्याकडचे. मिलमध्ये ते आधी धान घ्यायच्या कामावर होते. शेतकऱ्याची गाडी आली की पोत्यात हात घालून चार दाणे काढायचे, एक दाणा दाताखाली दाबायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, एका क्विंटलला तांदूळ किती, कणी किती, कोंढा किती. पुढे मालकाने त्यांना पगाराच्या टेबलावर बसवलं, पण डोळे मिटून अंदाज सांगायची सवय काही सुटली नाही. आमचा पगारही त्यांना धानासारखाच दिसायचा. ते म्हणत, "हजेरीचे पैसे म्हंजे धान. हाती येते तो तांदूळ. मधातला कोंढा कापल्या जाते." मग त्या कोंढ्याचे प्रकार. फंडात जातो तो चांगला कोंढा, त्याचं म्हातारपणी तेल निघतं. दवाखान्याच्या विम्याचा तो बारीक कोंढा, डोळ्याला दिसतही नाही. आणि सरकारचा व्यवसाय कर म्हणजे निव्वळ तूस, फुंकर मारली की गेलं. आम्ही चौथी-पाचवी शिकलेल्या बाया. इंग्रजीत छापलेली पगाराची चिठ्ठी आम्हाला कधी कळली नसती, पण कोंढा सगळ्यांना कळला.

पगार महिन्याच्या सात तारखेला. त्याच्या आधीच्या गुरुवारी दुपारी भाऊ टोपीत पेन्सिल खोचून आवारात फेरी मारायचे. चष्म्याला एका बाजूला दांडीऐवजी सुतळी होती. ती कानात अडकवून एकेकाजवळ थांबायचे, डोळे मिटायचे आणि कापल्या जाणाऱ्या पैशांचा अंदाज सांगायचे. "गिरजाबाई, तुमचे दोन खाडे. कोंढा अकराशे." गिरजाबाई कपाळावर हात मारायची. "भाऊ, अकराशे? मंग पोराले जोडे कसे घेऊ?" भाऊ अशा आवाजात 'पाहू' म्हणायचे की जणू सरकार त्यांच्या शब्दाबाहेर नाही. आणि सात तारखेला पाकीट फोडलं की कापलेले असायचे एक हजार साठ! चाळीस रुपये जास्त हाती. सगळ्या ओसरीत हशा व्हायचा. "भाऊ, परत चुकले तुमी! रेडिओवरचा पावसाचा अंदाज बरा तुमच्याहून!" भाऊ मान खाली घालून चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "उमर झाली बाई, आकडा हुकते." हे दर महिन्याला. कोणाचे तीस, कोणाचे चाळीस, पण अंदाज नेहमी जास्तीकडेच हुकायचा. गडीमाणसं चहा पिताना त्यांच्या नकला करत. ज्याला बारा वर्षांत एकदाही कपात बरोबर सांगता आली नाही तो कपातभाऊ, अशी त्यांची ख्याती चामोर्शीपर्यंत गेली होती.

कपातीशिवाय त्यांना जगात काही पूर्ण दिसतच नसे. बाजारात किलोभर वांगी घेतली की देठ आणि अळी वजा जाता हाती किती वांगी येतील, हे ते विकणारणीलाच विचारत. लग्नाच्या पत्रिकेत साडेदहाचा मुहूर्त असला की डोळे मिटून म्हणत, "कपात जाऊन बारा चाळीस." आणि बारा पस्तीसला मांडवात पोचत. त्यांच्या अक्षता कधी हुकल्या नाहीत. जेवायला बसले की ताटातला थोडा भात आधी बाजूला सारायचे. तो फंड. बाकीचं सगळं जेवण झाल्यावर, हात चाटून झाल्यावर, मग तो भात खायचे. एकदा पाहुण्यांच्या पंगतीत वाढणाऱ्याने त्यांचा फंड उष्टा समजून ताट उचललं, तेव्हा भाऊ ताटामागे मांडवभर चालत गेले होते. "अजून तीन घास जमा आहेत माझे!" त्यांची बायको म्हणायची, "आमच्या घरची मांजरबी पेन्शनीची वाट पाहून राह्यते."

फेब्रुवारी आला की ते उदास व्हायचे. व्यवसाय कर दर महिन्याला दोनशे, पण वर्षाचे अडीच हजार पुरे करायचे म्हणून फेब्रुवारीत तीनशे. हे त्यांच्या मनाला कधीच पटलं नाही. "महिन्यांत सगळ्यात लहान लेकरू हे, अन त्याच्याच डोक्शावर मोठं गाठोडं!" लोकांना ऐन वेळी धक्का बसू नये म्हणून ते संक्रांतीपासूनच तयारी करत. हातावर तिळगूळ ठेवत म्हणत, "गोड बोला, अन फेब्रुवारीचे तीनशे ध्यानात ठेवा." आम्हा बायांचा पगार तेव्हा एका हद्दीच्या आत होता, त्यामुळे आम्हाला हा कर नव्हता. तरी आम्हालाही ते सांगून ठेवायचे. म्हणत, "आज नाई त उद्या तुमचा पगार वाढंल बाई. दुःखाची आदत असू द्या."

माझा पगार वाढायची वेळ आली ती माझ्या मुलीमुळे. वनिता बारावीला बसली होती आणि तिला गडचिरोलीला नर्सिंगला जायचं होतं. पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृह मिळून साडेअकरा हजार लागणार होते, तेही पावसाळ्याच्या तोंडाशी. धनी दरवर्षी तेलंगणात मिरची तोडायला जात, पण त्यांचे पैसे बी-खतात जात. बचत गटाचं कर्ज आधीच छपरावर लागलेलं होतं. मिलमध्ये पोती शिवायच्या मशीनवर मजुरी जास्त मिळायची. त्या कामावर महिन्याला अकरा हजार होतात, असं कळलं. घरखर्चाला साडेसहा हजार लागायचे. होळीनंतरचे चार महिने ते काम केलं, तर उरलेल्यात पोरीची फी जमते का, एवढंच मला पाहायचं होतं. ते हाती किती येतील त्यावर होतं. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून भाऊंच्या टेबलापाशी गेले. फीचं काही बोलले नाही. इतकंच विचारलं, "भाऊ, अकरा हजार झाले त कोंढा किती?"

भाऊंना केवढा आनंद झाला! उभे राहिले, सुतळी कानात अडकवली, डोळे मिटले. "वा बाई! आता तुमालेबी दोनशेचा कर लागंल. हद्दीच्या वर गेल्या तुमी! सगळा मिळून कोंढा..." आणि जरा थांबून, डोळे उघडून म्हणाले, "एकोणीसशे धरा."

संध्याकाळी वनिताने वहीच्या शेवटच्या पानावर गणित केलं. हाती नऊ हजार शंभर. घरखर्च जाता सव्वीसशे. चार महिन्यांचे दहा हजार चारशे. अकराशे कमी. भाऊंचा आकडा तीस-चाळीसने हुकतो, तेही आम्ही धरून पाहिलं. तरी हजाराच्या आसपास कमीच. ते कोणाकडे मागावेत? मागायला तोंड लागतं, आणि तेच माझ्याकडे नव्हतं. वनिताने वही मिटली आणि म्हणाली, "राहू दे आई. शिकून सगळेच कुठी जातेत?" मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. दोन दिवसांनी चामोर्शीत एका कापडाच्या दुकानात तिला ठेवायचं बोलून आले. पोती शिवायच्या कामाला मी नाव दिलं नाही.

पुढच्या गुरुवारी भाऊ फेरीवर आले आणि माझ्यापाशी थांबले. "काऊन बाई, मशीनीवर नाव नाई दिलं?"

मी नुसती मान हलवली. गिरजाबाईला वनिताकडून सगळं कळलं होतं, तिला तेवढं पुरलं. "कायले देते नाव? तुमीच त सांगतलं न एकोणीसशे कापतेत म्हून! पोरीच्या फीले अकराशे कमी पडून राह्यले. पोरगी आता लुगडे घड्या करंल दुकानात."

"फी? कायची फी?"

"नर्सिंगची! तुमाले काय मालूम? तुमी फक्त कोंढा सांगा!"

भाऊ तिथेच उभे राहिले. पुढची ओळ पसरून झाली तरी तिथेच. मग कोणाचाच अंदाज न सांगता आत निघून गेले. गडी हसले, म्हणाले, आज भाऊंचं गणित बिघडलं.

त्या दिवशी मिल सुटल्यावर मी घरी पोचून चूल पेटवते तोच सायकल अंगणात आली. आमचं गाव मिलपासून सहा किलोमीटर, आणि भाऊंचं घर त्याच्या अगदी उलट दिशेला. धनी तेलंगणात, घरात मी आणि वनिता. भाऊ खाटेवर टेकले, पाणीसुद्धा घेतलं नाही. वनिताला म्हणाले, "पोरी, वही आण. लिव्ह. अकरा हजारावर फंडाचे तेराशे वीस. विम्याचे त्र्याऐंशी. कराचे दोनशे." डोळे उघडेच होते. कागद नव्हता, अडखळणं नव्हतं. "एकूण सोळाशे तीन. हाती नऊ हजार तीनशे सत्त्याण्णव. साडेसहा काढ. चारने गुण."

वनिताने गुणलं. अकरा हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी.

"फी जाऊन अठ्ठ्याऐंशी रुपये उरतेत," भाऊ म्हणाले. "एसटीच्या तिकिटाले होतीन."

मी पदर तोंडाला लावून उभी होते. मला कळेना. मग भाऊ माझ्याकडे न पाहता, चुलीकडे पाहून बोलू लागले. "माझा आकडा कधी हुकला नाई बाई. बारा वर्षांत एक रुपयानं नाई. मी वाढवून सांगतो. मालक पाकिटात एक रुपया जास्त टाकत नाई, सरकार एक रुपया सोडत नाई. मंग तुमाले सात तारखेले खुशी कुठून येईल? मी तीस-चाळीस वाढवतो, तेच तुमाले जास्त आल्यावाणी वाटतेत. लोक हसतेत मले, हसू द्या. तुमचा पगार पहिल्यांदाच वाढून राह्यला होता, म्हून मी तीनशे वाढवले. म्हटलं, एवढी मुकी बाई, हिले एक डाव मोठी खुशी होऊ द्या." मग त्यांनी चष्मा काढला. "अन मी पोरीचं शिक्षणच कापून ठेवलं."

वनिता हसली, मग रडली. मला म्हणायचं होतं की रागबिग काही नाही भाऊ, तुम्ही आलात तेच पुष्कळ. पण माझ्या तोंडून निघालं, "च्या ठेवू?" ते म्हणाले, "ठेवा. पण कोणाले सांगू नोका." चहा झाल्यावर बशीत एक घोट शेवटपर्यंत राखून ठेवला, तो प्यायले आणि गेले.

मी मशीनवर नाव दिलं. चारही महिने पाकीट फोडलं की नऊ हजार तीनशे सत्त्याण्णव, एक रुपया इकडेतिकडे नाही. वनिता गडचिरोलीला गेली, शिकली, आता भामरागडकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. पावसात रस्ते बंद झाले की पंधरा-पंधरा दिवस तिचा आवाजही ऐकू येत नाही, पण ती तिथे आहे.

भाऊंनी मात्र त्यानंतर कोणालाच वाढवून सांगितलं नाही. कोणाच्या घरी काय अडून बसलंय ते आपल्याला कुठे माहीत, असं त्यांच्या मनाने घेतलं असावं. गुरुवारची फेरी तशीच, पण आकडा नेमका. पहिल्या महिन्यात सगळे चाट पडले. "भाऊ, मशीन बसवली का डोक्शात?" दुसऱ्या महिन्यात कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या महिन्यापासून लोक पाकीट न फोडताच कमरेला खोचून घरी जाऊ लागले. ओसरीत हशा नाही, नकला नाहीत. गिरजाबाई एकदा म्हणाली, "भाऊ सुधरले, पण सात तारखेची मजा गेली गं." मी धान पसरवत राहिले. काय झालं होतं ते तिथे मला एकटीला ठाऊक होतं, आणि साठ माणसांचं हसू माझ्या एका पोरीच्या फीत गेलं होतं.

भाऊंशी एकदा बोलायचं, असं मी पुष्कळदा ठरवलं. एका गुरुवारी तर घरापासून मिलपर्यंत ते वाक्य मनात म्हणत गेले. भाऊ आले, माझ्यापाशी थांबले. "तुमचा सोळाशे तीन, बाई," म्हणाले आणि पुढे न जाता जरा वेळ उभे राहिले, जणू त्यांना कळलं होतं की मला काही सांगायचंय. मी म्हटलं, "बरं भाऊ." ते पुढच्या ओळीत गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते काम सोडून कुरखेड्याला गेले. आता पगार बँकेत जातो आणि मोबाइलवर आकडा येतो, तो बरोबरच असतो. मला त्यांना सांगायचं होतं ते एवढंच होतं: भाऊ, मला खरं सांगा, पण बाकीच्यांना पहिल्यासारखंच सांगत जा.