लाडक्या झाडांचा नकाशा

माझी भाची लँडस्केप आर्किटेक्ट झाली, तेव्हा तिच्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, ते नीट सांगताही येईना. कुणी विचारलं की म्हणायचा, “पोरगी झाडांचं बघते.” लगेच समोरचा म्हणणार, “हो का? आमच्या कुंड्यांना कीड लागलीय, पाठवा की तिला!” मग हा घरी येऊन पोरीवर चिडायचा. एकदा मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, जन्मभर लोकांचे पंखे दुरुस्त केलेस, तुला कुणी वारेवाला म्हणालं का? तेव्हा कुठे गप्प बसला.

आईवेगळी पोर. शाळा सुटली की आमच्याकडेच यायची. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे माझं आणि आमच्या ह्यांचं सगळं कौतुक तिच्याच वाट्याला.

नोकरी लागली ती एका नावाजलेल्या ऑफिसात. तिथल्या साहेबांना ती ‘सर’ म्हणायची, आणि दर वाक्यात म्हणायची. सर म्हणतात, आधी जमिनीचा उतार बघायचा, पाणी कुठं जातं ते बघायचं, मगच पेन्सिल उचलायची. सर म्हणतात, कागदावरच्या झाडाची सावली पडत नसते. मी म्हटलं, “अगं, तुझे सर जेवतात तरी का, की नुसतं म्हणतच असतात?”

पहिलंच काम मिळालं ते आमच्याच रस्त्याचं. रस्ता रुंद होणार, नवे फुटपाथ, बाकं, शोभेची झाडं. सरांनी तिच्या हातात नकाशा दिला आणि सांगितलं, घरोघर जा, लोकांना कुठलं झाड प्रिय आहे ते विचार. नकाशावर झाड म्हणजे एक गोल. झाड जितकं लाडकं, तितका गोल जाड काढायचा.

लोक कसले बोलतायत! शिंपीणबाईंनी तर दाराआडूनच नको म्हटलं. शेवटी मीच भाचीबरोबर हिंडले. म्हटलं, “अहो, माझ्या भावाची मुलगी आहे, झाडं वाचवायलाच आलीय.” माझ्या शब्दावर दारं उघडली. रिटायर्ड मास्तर तर दारातल्या झाडाबद्दल इतकं बोलले, की तेवढं बायकोबद्दल जन्मात बोलले नसतील.

आमच्या दाराबाहेर तुती. मेलीनं माझे धुतलेले कपडे कायम डागाळले आणि मी कायम तिला शिव्या घातल्या. पण ह्यांचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली, तेव्हापासून ह्यांची खुर्ची तिच्याच खाली. घरात पत्रा तापतो, त्यांचा जीव घाबरा होतो. बाहेर बसले की येणारेजाणारे हात करतात, चार शब्द टाकतात. तेवढंच त्यांचं जग. भाचीनं आमचा गोल काढला तो चांगला ठसठशीत. काकांना दाखवलासुद्धा. हे खुदकन हसले.

एके दिवशी सकाळी, सगळे कामावर गेलेले असताना, करवतवाले आले. वेचून वेचून नकाशावर जाड गोल होते तीच झाडं पाडली. शिंपीणबाईंचं, मास्तरांचं, आमची तुती. मी ह्यांना खुर्चीसकट ओढत आत आणलं. पुढच्या आठवड्यात उरलेलीही गेली आणि कुणी हूं की चूं केलं नाही. ज्या झाडांसाठी माणसं आडवी पडली असती ती आधीच गेली होती. बाकीच्यांसाठी कोण भांडणार?

शिंपीणबाई मला भर रस्त्यात म्हणाल्या, “तुमच्या शब्दावर दार उघडलं होतं मी.” मी तावातावानं भांडले. म्हटलं, त्या साहेबानं माझ्या पोरीचा केसानं गळा कापलाय, तिला काय ठाऊक!

भाची आली ती काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. डोळे सुजलेले. मी म्हटलं, “रडू नकोस गं. पाप त्या मेल्याचं. तुला कुठं माहीत होतं?”

ती खाली बघत म्हणाली, “माहीत होतं, आत्या. मास्तरांकडून ऑफिसात परत गेले त्या दिवशी सरांनी सांगितलं, जाड गोलाची झाडं आधी पाडायचीत. म्हणाले, पहिली नोकरी आहे, विचार करून ठरव.”

“आणि आमचं घर?”

“तुमचं त्यानंतर केलं.”

म्हणजे सगळं ठाऊक असताना ही बया माझ्या दारात बसली, माझ्या हातचा चहा प्याली आणि ह्यांच्या डोळ्यांदेखत तो गोल गिरवला!

“अगं, एका शब्दानं सांगायचंस! अख्खा रस्ता बाहेर आला असता.”

“माझी नोकरी गेली असती, आत्या.”

ह्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. त्यांनी चांगला हात उचलला, खांद्यावरचा तिचा हात धरला आणि हळूच बाजूला केला. ती माझ्याकडे बघत राहिली. मी दार उघडून धरलं.