पाहुणे येणार म्हणून छाटलेली बाग

माझ्या मेहुण्याला सगळे ‘कातरीवाले’ म्हणत. खरं नावही होतं त्याला, चांगलं भारदस्त, पण ते फक्त विजेच्या बिलावर. खिशात सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कातरी, नसेल तर गडी कावराबावरा व्हायचा. आमच्या लग्नात पंगत बसलेली आणि नवरीचा हा भाऊ अंगणातली जास्वंद कातरत उभा! मी विचारलं, “अरे, हे काय?” तर म्हणाला, “पाहुण्यांसमोर झाड असं झिपरं बरं दिसतं का, दाजी?” माझी-त्याची ओळख ती अशी.

पुढे त्यानं रोपवाटिका काढली. बागेच्या मधोमध आंब्याच्या जुन्या झाडांची एक रांग होती. कलमासाठी लागणाऱ्या काड्या या झाडांच्या. शिडी लावून शेंड्यापर्यंत चढायचा, आणि खाली त्यांच्याच सावलीत कलमांच्या पिशव्या मांडलेल्या. सगळा संसार त्या एका रांगेवर उभा होता.

तर एक दिवस बरोबर त्या रांगेतून लाल झेंड्यांच्या खुंट्या ठोकत वीज कंपनीची माणसं गेली. उच्चदाबाची लाईन येणार होती. कंपनीचा पोरगेला इंजिनिअर गोड बोलायचा.

“जमीन तुमचीच राहणार, काका. तारा काय, वरून जातील.”

“आणि खाली?”

“खाली काहीही लावा. फक्त उंच नको.”

“म्हणजे आता मिरचीची कलमं बांधू?”

पोरगा हसला. मेहुणा नाही हसला.

लाईनीला अजून सरकारच्या वीज आयोगाची मंजुरी मिळायची होती आणि त्याआधी जमीनवाल्यांच्या हरकती ऐकणार होते. मेहुण्याची हरकत साधी होती: शेजारी उघडी टेकडी आहे, लाईन तिच्यावरून न्या, माझी झाडं वाचतील. आयोगानं कळवलं, आमच्या अधिकारी जागा बघायला येतील. मेहुण्याला केवढा आनंद! मला निरोप धाडला, “दाजी, या. मोठा पाहुणा येतोय.”

मी पोचलो आणि फाटकातच थबकलो. आंब्याची अख्खी रांग बुटकी झालेली. प्रत्येक झाड न्हाव्याच्या खुर्चीतून उठून आल्यासारखं, गोल, नीटस. प्रत्येक कापावर, बुरशी धरू नये म्हणून, बोर्डोचा निळा लेप. हात वर केला तर शेंडा हाताला लागावा!

त्याची बायको ओट्यावर कपाळ धरून बसली होती. “दाजी, तुम्ही तरी बोला. जेवायलासुद्धा खाली उतरले नाहीत हो.”

मी त्याला बाजूला ओढलं. “अरे शहाण्या, उंच झाडं दाखवायची होती ना?”

“सरकारी माणूस येणार आणि बाग रानासारखी ठेवू?” तो म्हणाला. “झाडं काय, परत वाढतील की.”

तेवढ्यात गाडी आली. अधिकारी बाई शांत, सभ्य. वहीबिही काही नाही, नुसत्या बघत हिंडल्या. रांगेपाशी थांबून म्हणाल्या, “फार सुंदर ठेवली आहे बाग. दरवर्षी छाटता का इतकी?”

आता इथं ‘नाही’ म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

“दाजी, पाय!” असं म्हणून हा छाती काढून बाईंना सांगतो, “म्हणजे काय, मॅडम! आपला हात लागला की झाड वर जायची हिंमत करत नाही.”

सुनावणीत निकाल वाचला गेला. झाडं नियमित छाटून कमी उंचीत ठेवता येतात, असं हरकत घेणाऱ्यानंच सांगितलं आहे, सबब मार्ग बदलायची गरज नाही. मंजूर.

मेहुणा ताडकन उभा राहिला. “अहो मॅडम, ती पाहुण्यांसाठी छाटली होती! तुमच्यासाठी!”

सगळं सभागृह हसलं. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मी जे पाहिलं आणि ऐकलं, तेच मांडलं.” खोटं काय होतं त्यात?

तारा आल्या. झाडं फुटली की कंपनीची कुऱ्हाडवाली माणसं हजर. ती फांद्या पिंजून ठेवतात म्हणून मेहुणा स्वतःच कापायला लागला. सारखं कापलेलं झाड मोहर धरत नाही. आणि झाडाचं फळ चाखल्याशिवाय कलम कोण नेतो? गिऱ्हाईक तुटलं, पिशव्या उन्हात वाळल्या. मग कंपनीचा मुकादम म्हणाला, “काका, हात चांगला आहे तुमचा. पुढच्या गावांतलीही झाडं तुम्हीच छाटा.”

गेला. न जाऊन खाणार काय? त्याच्या बहिणीनं, म्हणजे आमच्या घरातल्यांनी, वर्षभर त्याचा चहा केला नाही.

परवा आला तो कुठल्याशा म्हातारीची गोष्ट घेऊन. म्हातारीनं दारच्या फणसाला मिठी मारली आणि सोडीचना. हा समजूत घालायला गेला, “काकू, मी नाही कापलं तर ते कुऱ्हाडीनं तोडतील. मी निदान नीट कापीन, लेप लावीन.”

म्हातारी म्हणाली, “मग त्यांनाच तोडू दे, मेल्या. त्यांना शिव्या घालताना माझी जीभ तरी अडखळणार नाही.”

“मग काय केलंस रे?” मी विचारलं.

“नीट कापलं,” तो म्हणाला. “लेप लावू दिला नाही तिनं.”