मी एकाच कानाचा हेडसेट घेतला

मित्रांनो, आज पांढुर्ण्याच्या मोबाइल दुकानात माझी चांगलीच चेष्टा झाली. तरी मी जे घेतलं, त्यावर ठाम आहे.

संत्र्याच्या बागेत शिडीवर चढलो की दोन्ही हात कामात असतात, फोन उचलता येत नाही. म्हणून बायकोला घेऊन बिनवायरचा हेडसेट पाहायला गेलो. दुकानदाराने दोन्ही कानांत बसणारा, महागातला लावून दिला. भजन सुरू झालं आणि बाजाराचा सगळा गोंगाट नाहीसा झाला. क्षणभर जामसांवलीच्या देवळात बसल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात बायकोचे ओठ हलताना दिसले. घशाच्या ऑपरेशनपासून तिचा आवाज फार बारीक झाला आहे. मी हेडसेट काढला.

"काय म्हणून राहिली होती तू?"

"काही नाही. आवडला असंन त घेऊन घ्या."

मी एका कानाचा मागितला. दुकानदार हसला, "काकाजी, हा त ट्रकवाले घेतात! जमाना कुठच्या कुठं गेला!"

"जाऊ दे जमाना," मी म्हणालो. "माही शिडी ही धरते. हिनं खालून हाक मारली अन् मले ऐकू नाही आली, त जमाना झेलंन का मले?"

संध्याकाळी बागेत एका कानाने भजन ऐकलं, दुसऱ्याने तिचं "सांभाळून". देव काही रागावला नसेल.

ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं. फक्त एक सांगा, तुम्ही दोन्ही कान बंद करून बसता, तेव्हा घरात कोण बोलता बोलता गप्प होतं?