गच्चीवर कोण होतं

पाववाल्या पोदेराचा भोंपू मांद्र्याच्या वळणावर वाजला, तोवर हौसाबाईंच्या परसातलं पाण्याचं भाण तापून वाफा टाकत होतं. पाणी अमृतासाठी होतं. गेला महिनाभर ती रोज सकाळी टॉवेल पदराखाली दडवून त्यांच्याकडे अंघोळीला येत होती, स्वतःच्या खोलीमागे न्हाणी असून.

"मावशी, पाणी लई कडक झालंय!" न्हाणीतून आवाज आला.

"विसणाची बालदी दारामागंच हाय. डोळे उघडून बघ की गो."

हौसाबाई स्वयंपाकघरात परात घेऊन बसल्या होत्या. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन. त्यासाठी मोडायची बिनखमिराची भाकर नेहमी हौसाबाईंच्या हातची. कणीक आदल्या सकाळी मळायची, मळताना देवाशिवाय कुणाशी बोलायचं नाही, ही त्यांच्या सासूची आजऱ्याकडची रीत. पण मनातली आग कणकेत उतरू नये म्हणून सासूने काही सांगून ठेवलं नव्हतं, आणि गेल्या रविवारपासून ती आग विझली नव्हती.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

हौसाबाईंचे यजमान दिनकरराव मागच्या पायरीवर चहात पोईचा पाव बुडवत होते. मांद्र्यात ओळखीचं माणूस थाप मारत नाही, अंगणातूनच हाक मारतं. "कोण वो? पोलीस का?" ते उठता उठता म्हणाले.

"सलाम, दिनकरराव," मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले. तरुण माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत पवित्र शास्त्र. त्यांच्या मागे प्रमोद, मंडळीतले वडील. 'वडील' हे मंडळीतल्या पदाचं नाव, वयाने प्रमोद हौसाबाईंच्या मुलासारखा. खानापूरहून सेंट्रिंगच्या कामाला आला तेव्हा दोन पावसाळे यांच्याच घरी जेवला होता. दिनकरराव तेव्हा डिचोलीत खनिजाचा टिपर चालवायचे. मग खाणी बंद पडल्या, घर मांद्र्याला हललं, आणि प्रमोद इथे गेस्टहाऊसवाला झाला. त्याच्याच तळमजल्यावरच्या हॉलमध्ये मंडळी भरते, भाडं न देता.

हौसाबाईंनी पिठाच्या हातांनीच खुर्च्यांकडे खूण केली आणि रीत मोडली. "बसा."

"अक्का, वास छान सुटलाय," प्रमोद म्हणाला.

"अजून भाजलं न्हाई काय. वास कशाचा येतोय तुला?"

दिनकररावांनी हसू चहात बुडवलं.

पाळकांनी घसा साफ केला. "मावशी, उद्याच्या भोजनाआधी एक गोष्ट मिटवायचीय. अमृताची. ती तुमचं ऐकते. भाकर मोडायच्या आधी तिने उभं राहून एवढंच म्हणावं, की माझ्यामुळे मंडळीतल्या भावाला अडखळण झालं, मला क्षमा करा. पाच मिनिटांचं काम."

न्हाणीतला तांब्याचा आवाज थांबला.

अमृता चंदगडची, लग्न होऊन दीड वर्षापूर्वी इथे आलेली. तिचा नवरा निखिल प्रमोदच्या गेस्टहाऊसवर कामाला, आणि राहायची खोली त्याच आवारात मागे. खोलीची न्हाणी म्हणजे चिऱ्यांच्या तीन भिंती, दाराला माडाच्या झापाचं कवाड, आणि वर आकाश. आजवर वरून बघायला फक्त माड होते. यंदा प्रमोदने मजला वाढवला, वर गच्ची झाली, गच्चीवर पाण्याची टाकी. त्यानंतर अमृता अंघोळीला बसली की प्रमोदला टाकीचा कॉक बघायची आठवण होऊ लागली. तिने वेळ बदलली, कॉकचीही वेळ बदलली. निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, गप बस, खोली जाईल. शेवटी बायकांच्या प्रार्थनेत, कुणासाठी काय मागायचं असं विचारल्यावर, ती सरळ म्हणाली, "प्रमोदभाऊंच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करा."

त्यानंतरच्या रविवारी, म्हणजे गेल्याच आठवड्यात, पाळकांनी प्रवचनाला दावीद राजा काढला. देवाच्या मनासारखा माणूस, मेंढरांमागून उचलून गादीवर बसवलेला, तो पापात कसा पडला? उरीयाची बायको बथशेबा गच्चीवर उघड्यावर अंघोळीला बसली म्हणून पडला. बहिणींनो, आपल्या वागण्याने कुणाचा पाय घसरत नाही ना, बघा. आणि सगळ्या बहिणींनी अमृताकडे बघितलं.

हौसाबाईंनी कणकेचा गोळा परातीत आपटला. "पाळकसाहेब, गच्चीवर कोण होतं?"

"म्हणजे?"

"शास्त्रात. गच्चीवर कोण होतं?"

पाळक हळू आवाजात म्हणाले, "दावीद."

"आणि ती?"

"ती कुठे होती ते लिहिलेलं नाही. मला ठाऊक आहे, मावशी. मी शिकलोय ते."

हौसाबाईंना वाटलं होतं, बिचारा चुकला असेल. पुष्कळ जण चुकतात. रविवारच्या शाळेतल्या चित्रात बाई गच्चीवरच काढलेली असते, आणि चित्र शास्त्रापेक्षा जास्त लक्षात राहतं. चुकला असता तर त्यांनी चहा पाजून माफ केलं असतं. पण याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने राजाला खाली ठेवलं आणि बाईला गच्चीवर चढवलं.

"ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "आणि तरी..."

"हॉल कुणाचा आहे, तेही मला ठाऊक आहे," पाळक जमिनीकडे बघत म्हणाले.

प्रमोद खुर्चीत पुढे सरकला. "अक्का, मी टाकी बघायला जातो. माझी गच्ची, माझी टाकी. आणि शास्त्रच काढताय तर पूर्ण काढा. शौल राजा दावीदाच्या जिवावर उठला होता, तरी दावीदानं त्याला हात लावला नाही. देवानं नेमलेल्या माणसावर हात उचलू नये. मी वडील आहे मंडळीचा."

"हात न्हाई लावला, खरं हाय. पण झग्याचा काठ कापला, आणि गुहेच्या तोंडाशी येऊन हाक मारली, राजाच्या सगळ्या माणसांदेखत, का रं बाबा माझ्या मागं लागलास म्हणून. अमृतानं बी हाकच मारली. तुझा तर काठही कापला न्हाई तिनं."

"काठ कापला असता तर बरं झालं असतं," दिनकरराव दारातून म्हणाले.

"तुम्ही गप बसा जरा."

"बसलोच हाय की."

हौसाबाई परातीवरून उठल्या. गुडघा दुखतो म्हणून त्या एरवी भिंतीला धरून उठत, आज तशाच उठल्या. "नाथान संदेष्टा कुणाच्या दारात गेला वो, पाळकसाहेब? श्रीमंतानं ढापलेल्या गरिबाच्या मेंढीची गोष्ट कुणाला सांगितली त्यानं? तू तोच माणूस, असं कुणाच्या तोंडावर म्हणाला? राजाच्या. तिला एक शब्द बोलला न्हाई. उभी राहा, क्षमा माग, असं देवाच्या माणसानं तिला सांगितलेलं तुम्ही कुठं वाचलंय? राजाच्या वाड्यावर जायचं सोडून तुम्ही बाईच्या दारात आलाय. आणि येताना राजाला स्कूटरवर मागं बसवून आणलाय."

पाळकांचा चेहरा लाल झाला. त्यांनी शास्त्र या काखेतून त्या काखेत घेतलं.

"ठीक आहे," प्रमोद उठला. त्याचा आवाज आता अक्काला बोलायचा राहिला नव्हता. "ती उभी राहिली नाही तर उद्या तिला भाकर मिळणार नाही. आणि सिझन आलाय, किचनच्या पोरांना खोली लागणार आहे मला. निखिलला आज सांगतो."

न्हाणीचं दार वाजलं. अमृता बाहेर आली, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले, साडी घाईने नेसलेली. प्रमोदची नजर सवयीने तिकडे गेली आणि सगळ्यांदेखत गेली. पाळकांनीही ती जाताना बघितली. ती हौसाबाईंच्या मागे येऊन उभी राहिली, आणि त्यांच्या पदराचं टोक तिने मुठीत धरलं.

"मी उभी राहणार न्हाई," ती म्हणाली. एवढंच.

मग पाळकांनी विचारलं, आणि या वेळी त्यांनी प्रमोदकडे बघितलं नाही, "मावशी, तुम्हाला काय हवंय? मी काय करू?"

हौसाबाईंच्या ओठांवर पुष्कळ होतं. दावीदाने मारवलेल्या उरीयाचं नाव होतं, नवरा जिवंत असून गप्प का म्हणून निखिलला विचारायचं होतं, प्रमोदने त्यांच्या घरी खाल्लेल्या जेवणाचा उद्धार होता. राग असा उकळत होता की सगळं एकदमच बाहेर आलं असतं. पण पदराला ओढ बसत होती, त्या मुठीतून पाणी ठिबकत होतं, आणि परातीत कणीक वाळायला लागली होती. दुपारपर्यंत भाकर भाजायची होती. ती त्या भाजणारच होत्या, भाकर देवाची होती.

त्या पुन्हा परातीशी बसल्या आणि कणकेला पाण्याचा हात लावला.

"गच्चीच्या दाराला कुलूप घाला," त्या म्हणाल्या. "आणि किल्ली अमृताजवळ द्या."