दिवेवाला शहरातच आहे

मी ज्या साप्ताहिकात नोकरीला होते, त्यात शेवटच्या पानावर एक चित्रकथा येत असे. पुढच्या कुठल्या तरी काळातलं एक शहर. वर आभाळाऐवजी पत्र्याचं छप्पर, पाणी चिठ्ठीवर, माणसांना नावं नाहीत, गळ्यात नुसते आकडे. जास्त बोलणाऱ्याला मोठ्या दरवाजातून बाहेर काढत, आणि बाहेर काय आहे ते कुणालाच ठाऊक नसे. नऊ वर्षं ही कथा चालू होती. एवढ्या वर्षांत त्या शहरातल्या एकाही माणसाचं भलं झालं नव्हतं, तरी बंगळूरच्या पेठांतले लोक शनिवारी सकाळी अंकासाठी दुकानापुढे ताटकळत उभे असत.

साप्ताहिक कन्नड होतं. आमच्या घरात मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरात काढल्यामुळे माझी शाळा कन्नडच झाली होती. बाळेपेटेतल्या त्या छापखान्यात मी शिरले ती अक्षर चांगलं म्हणून, आणि थोड्याच दिवसांत माझ्या गळ्यात वाचकांच्या प्रश्नांचं सदर पडलं. लोक त्या शहराबद्दल काय काय विचारत. छप्पर आहे तर कपडे वाळतात कुठे? सूर्यच दिसत नाही तर कोंबडा आरवतो कशाला? लग्न झाल्यावर बायकोचा आकडा बदलतो का? शिपायांच्या डाव्याच हातात मोजा का? खरं तर चित्रकाराला दोन्ही हात काढायचा कंटाळा होता, पण असं छापता येत नाही. मी लिहिलं, उजवा हात सलामीसाठी उघडा ठेवावा असा तिथला नियम आहे. एका निवृत्त मास्तरांनी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या मोजल्या होत्या. एका अंकात अडतीस, दुसऱ्यात चाळीस. मी ठोकून दिलं की दोन पायऱ्या दुरुस्तीला काढल्या होत्या. मास्तरांचं समाधान झालं, तसं त्यांनी कार्डाने कळवलंही.

मला माणसांचा राग लवकर येतो. घरात पाणी येत नाही, रेशनच्या तांदळात खडे निघतात, आणि हे लोक कागदावरच्या टाकीच्या पायऱ्या मोजत बसतात, असं मला वाटे. पण खोटं कशाला बोलू, ती उत्तरं लिहिताना मजा येई. मी एका वहीत त्या शहराचे सगळे नियम लिहून ठेवले होते. एकदा छापलं की ते कायम. संपादकसुद्धा काही अडलं तर मला विचारत. घरात माझं कुणी ऐकत नसे. त्या शहरात मी म्हणेन ते खरं होत असे.

घरी आम्ही तिघं. अप्पा, मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. अप्पांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि अक्का घरी बसून त्यांच्या शर्टांची काजं करी, बटणं लावी. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी मद्रासला जातो, दोन दिवसांत येतो म्हणून निघाला होता. के. आर. पुरमच्या स्टेशनात त्याला गाडीत चढताना एका ओळखीच्या माणसानं पाहिलं. त्यानंतर कुणीच पाहिलं नाही. पोलिसांत झालं, इस्पितळं झाली, देवळं झाली, ज्योतिषी झाले. सासरी राहून बघितलं, मग ती आमच्याकडे आली. आली ती घराबाहेर पडायला तयार नाही. तो माहेरचा पत्ता जाणतो, म्हणे. आला आणि दाराला कुलूप दिसलं तर? मुलींच्या एका शाळेनं तिला शिवण शिकवायला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. चाळिशीही न गाठलेली बाई, तिचं सगळं जग उंबरठ्यापासून नळापर्यंत.

तिची एकच चैन होती. मी आणते तो अंक ती आधी मागून उघडायची, चित्रकथेचं पान कापून ठेवायची, वर्षाची पानं जमली की काजाच्या दोऱ्यानं शिवून त्यांची वही करायची. त्यातला दिवेवाला तिला फार आवडे. छपराखालच्या रस्त्यांवर शिडी घेऊन दिवे लावत फिरणारा माणूस. दुसऱ्याच वर्षी त्याला मोठ्या दरवाजातून बाहेर काढलं होतं. त्याची बायको कथेत अधूनमधून दारात उभी दिसे. अक्काला तो का आवडतो हे मला कळत होतं, पण आम्ही कधी त्यावर बोललो नाही.

बारा वर्षं माणसाचा पत्ता नसला तर तो गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, तेरा दिवस पाळायचे, आणि बायकोनं कुंकू पुसायचं. अक्काचे थोरले दीर सर्जापूरच्या रस्त्याला एका खेड्यात राहत. तेव्हा तिकडे नुसती नाचणीची शेतं होती आणि दिवसातून एक बस. त्यांचं पत्र आलं: आई अंथरुणाला खिळली आहे, मुलाला गती मिळाल्याशिवाय तिचे डोळे मिटणार नाहीत, तुम्ही या, आपण विधी करून घेऊ. अप्पांनी ते पत्र आठवडाभर खिशात बाळगलं आणि मग अक्कापुढे ठेवलं. ती वाचून "सरी" म्हणाली, म्हणजे बरं. एवढंच. मला त्या विधीवर काडीचा विश्वास नव्हता, आणि तो माणूस कुठे तरी दुसरा संसार थाटून बसला असणार असं मी मनात धरून चालले होते. तरी मला बरं वाटलं. कशानं का होईना, ही वाट बघणं थांबवेल, शाळेत जाईल, चारचौघांत बसेल. मी तिच्यासाठी एक साधी निळ्या काठाची साडीही बघून ठेवली होती.

त्याच सुमाराला माझ्या हातून ती चूक झाली. आमच्याकडे गर्दीची चित्रं नव्यानं काढत नसत. चित्रकार त्या चौकटीची जागा मोकळी सोडी आणि मी जुन्या चित्रांच्या जस्ताच्या ठशांच्या, म्हणजे ब्लॉकांच्या, खणातून एखादी बाजारातली गर्दी शोधून देई. गर्दीतलं जुनं माणूस वाचकांना गळ्यातल्या आकड्यावरून ओळखू येऊ नये म्हणून मी नेहमी ब्लॉक उजेडात धरून तपासत असे. त्या दिवशी घाई होती. मी दिलेला ब्लॉक दुसऱ्या वर्षातला निघाला. कोपऱ्यात, भाजीवालीच्या मागे, शिडी खांद्यावर घेऊन दिवेवाला उभा होता.

अंक शनिवारी गेला आणि मंगळवारी कार्डांची पिशवीच आली. दरवाजाबाहेर काढलेला माणूस बाजारात कसा? बाहेरून आत यायची वाट आहे का? शिपायांना तो दिसत नाही का? संपादक खूश होते. चूक झाली म्हणून छापू या, असं मी त्यांना म्हटलं, तर ते माझ्याकडे बघून हसले. सगळ्या कार्डांवरचे प्रश्न ते एका कागदावर उतरवून मला देत, नावं-पत्ते गाळून. त्या यादीत सगळ्यात खाली एक प्रश्न होता: तो जिवंत आहे का, एवढंच सांगा.

मी त्याच प्रश्नाला उत्तर दिलं, कारण तो सगळ्यात लहान होता. लिहिलं: "दिवेवाला जिवंत आहे. तो शहरातच आहे. वेळ आली की समोर येईल." दोन मिनिटंही लागली नसतील. वहीत नियम म्हणून उतरवून ठेवलं आणि डबा खायला बसले.

पुढच्या सोमवारी अप्पांनी दिरांना कार्ड टाकायला घेतलं, कोणत्या दिवशीच्या बसनं येतो ते कळवायला. अक्का आतून आली आणि म्हणाली, मी येणार नाही, माझा नवरा गेलेला नाही. अप्पांना वाटलं, ऐन वेळेला पाय मागे येतोय. त्यांनी समजावलं, मग आवाज चढवला, मग डोळे पुसले. ती ढिम्म. शेवटी तिनं कपाटातून आमचा अंक काढला आणि माझं उत्तर त्यांच्यापुढे धरलं. तो जिवंत आहे का, हे विचारणारं कार्ड तिनंच पाठवलं होतं. अप्पांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तो ब्लॉक कागदात गुंडाळून घरी आणला. तिच्यापुढे ठेवला, कोपऱ्यातली शिडी दाखवली, खणाची आणि घाईची सगळी हकिकत सांगितली. म्हटलं, अक्का, हे जुनं चित्र आहे, चुकून लागलं, आणि उत्तर मी लिहिलंय, मनानं. तिनं ब्लॉक हातात घेतला, बोटानं शिडी चाचपली.

"खणात असे किती असतील?"

"शंभर-दीडशे."

"मग नेमका हाच तुझ्या हाताला का लागला?"

नऊ वर्षं मी लोकांच्या असल्याच प्रश्नांवर जगत होते.  तिच्यावर मात्र मी चिडले, वेडी आहेस का म्हणाले, त्या बिचाऱ्या म्हातारीचा तरी विचार कर म्हणाले. ती ब्लॉक माझ्या हातात देऊन पुन्हा काजाला बसली. अप्पांनी दिरांना कळवलं की मुलीची प्रकृती बरी नाही, स्वल्प दिवस थांबा. हा माणूस आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता, तो माझ्यापायी बोलला. मला अन्न गोड लागेना.

आता वाचकांनी पुढचं पाऊल टाकलं. ते टाकणारच होते. मीच त्यांना वाट दाखवली होती. दिवेवाला शहरातच आहे, तर त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. बायको दारात उभी आहे. मग तो इतक्या वर्षांत एकदाही घरी का गेला नाही? एका आठवड्यात हा प्रश्न चार जणांनी विचारला, पुढच्या आठवड्यात वीस जणांनी. मास्तरांनी तर नकाशा काढून पाठवला, बाजारापासून घरापर्यंतचा. मी तो प्रश्न यादीतून गाळत गेले. कोंबड्यावर लिहिलं, छपराच्या गळतीवर लिहिलं, आणि शनिवारी अंक अक्काच्या हातात देताना तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

चौथ्या शनिवारची दुपार. अप्पा दुकानात होते. ती दारातल्या उजेडाला शर्टाची बाही घेऊन बसली होती. तिनं अंक उघडला, माझं सदर वाचलं, मिटला आणि पान न कापता बाजूला ठेवला.

"तो शहरातच आहे म्हणालीस," ती म्हणाली. "मग घरी का आला नाही?"

मी म्हणाले, शिपायांचा पहारा असेल.

"बारा वर्षं?"

कथेत बारा वर्षं झालीच नव्हती, कथाच नऊ वर्षांची होती. मी ते बोलले नाही. आपल्याला ओळखलं तर बायकोला त्रास होईल म्हणून आला नसेल, असं काही तरी पुटपुटले. तिनं सुई बाहीत खोचून ठेवली.

"वाचकांना सांगतेस तसं मला सांगू नको."

 ती रस्त्याकडे बघत होती. समोरून सायकलवाले जात होते, एक फुलवाली गेली, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की ती येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघत नव्हती.

"मेलेल्या माणसाला न येण्याचं कारण तरी असतं," ती म्हणाली. "थोरल्यांना लिही. येते म्हणावं."

ते पत्र मी लिहिलं. साडेतीन ओळी, पण तीन कार्डं फुकट गेली. मंगळवारच्या बसनं आम्ही तिघं गेलो. विधी तळ्यावर होता आणि बायका तिथे जात नाहीत, म्हणून आम्ही दिरांच्या ओसरीवर बसलो. आत म्हातारी कण्हत होती. तळ्याच्या बाजूला धूर दिसला तेव्हा अक्कानं कुणी सांगायच्या आधी पदरानं कुंकू पुसलं. दीर परत आले ते हमसून रडत होते. ती रडली नाही. तेरा दिवस ती त्या घरात कामं करत होती, सासूचं सगळं बघत होती, आणि म्हातारीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवून माझा मुलगा सुटला म्हटलं तेव्हाही तिचा चेहरा हलला नाही.

चौदाव्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी, अप्पा पुढे. मला वाटत होतं की ती दुःखात आहे, तिच्याशी काही तरी धीराचं बोलावं. बसनं फाटा ओलांडला तेव्हा ती आपणहूनच बोलली, अगदी साध्या आवाजात.

"जिवंत असला तरी आता येऊ नये त्यानं."

बारा वर्षं तिनं त्याच्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नव्हता. अप्पांनी मागे वळून बघितलं आणि पुन्हा पुढे तोंड केलं. मी माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे बघत राहिले. तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.